सुदुंबऱ्याचे अकरा गुंठे

मी, शांतवन हनुमंत भालेराव, वय वर्षे ८३, देहूरोडच्या लष्करी डेपोतला निवृत्त सुतार, राहणार भांगरवाडी, लोणावळा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. एक कान गेला आहे आणि खुब्यात स्टीलचा गोळा आहे, पण कायद्याला त्याचं काही नाही, असं वकीलबाई नीरजाताई म्हणाल्या. मला कोणी धाक घातलेला नाही. नशा मी आयुष्यात केली नाही, तपकीर सोडून. प्रभू येशूने इथवर सांभाळलं, पुढेही तोच सांभाळेल, या भरवशावर निवांत मनाने लिहितो. १९९६ साली केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. ते रागात लिहिलं होतं.

कलम १. भांगरवाडीच्या दोन खोल्या आणि मागचं पेरूचं झाड माझी एकुलती मुलगी अनघा हिला. विकायचं असेल तर तिने खुशाल विकावं; बापाची आठवण म्हणून गळकं छप्पर धरून बसू नये. पोस्टातली ठेवही तिचीच. या कागदात जे लिहायचं राहिलं असेल किंवा ज्याला दिलं त्याला मिळू शकणार नाही, तेही तिचंच.

कलम २. करवती, पटाशा आणि बाकीची हत्यारं आमच्या चर्चच्या मंडळीला. चर्चमधली बाकं मी केली आहेत; ती डुगडुगायला लागली की नाव माझंच निघेल. फक्त मोठा रंधा शेजारी राजेंद्र याला. तसाही तो नऊ वर्षं त्याच्याकडेच आहे, दोन दिवसांसाठी नेला होता. आता तो त्याचा. मात्र "काकांनी बक्षीस दिला" असं सांगत फिरतो, ते बंद करावं.

माझी शवपेटी मी करून माळ्यावर ठेवली आहे. अनघाची आई तिच्यात गोधड्या ठेवायची. आधी गोधड्या काढून घ्याव्यात.

कलम ३. आमच्या सुदुंबरे गावातले माझ्या नावचे अकरा गुंठे माझा थोरला भाऊ हौशीराम हनुमंत भालेराव यास. इथे थोडं सविस्तर लिहावं लागेल, नाहीतर लोक म्हणतील म्हातारा चळला.

छप्पन साली आमच्या वडिलांनी बौद्ध धम्म घेतला. मी चौदाचा होतो, दादा विसाचा. त्या दिवशी आपण माणसात आलो असं दादा म्हणायचा, आणि ते खरंच होतं. पुढे सदुसष्ट साली मला क्षय झाला. मिशनच्या दवाखान्यात सात महिने पडून होतो. तिथे मला येशू भेटला. याहून जास्त मला कधीच सांगता आलं नाही. बाप्तिस्मा घेतला आणि शिवरामचा शांतवन झालो. दादा म्हणाला, "बापानं मान वर केली, अन् तू ती पुन्यांदा खाली घातलीस." तसं नव्हतं. पण समजावून सांगायचं सोडून मीही नको ते बोललो.

चौऱ्याहत्तर साली वडील वारले. वारसनोंदीच्या वेळी दादाने तलाठ्याला सांगितलं, हनुमंताला मी एकटाच मुलगा. मी दावा लावला. एकोणीस वर्षं चालवला आणि जिंकलो. मग मोजणीचे दगड रोवायला मुद्दाम दादाच्या मुलीच्या साखरपुड्याचा दिवस धरला. पाहुण्यांच्या देखत. मी, रविवारी मंडळीत प्रार्थना चालवणारा माणूस! दादाची चूक मी गावभर सांगितली, ही मात्र कोणालाच सांगितली नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. त्या जमिनीत मी कधी एक दाणा पेरला नाही.

दादासाठी मी रोज प्रार्थना करायचो. काय, तर प्रभू, त्याला त्याची चूक दिसू दे. २०१३ साली शेवटच्या दुखण्यात माझी पत्नी रत्नमाला म्हणाली, "अहो, तुम्ही देवाजवळ भाऊ मागताय का निकाल?" मला भारी राग आला. ती गेली, आणि त्यानंतर ती जुनी प्रार्थना तोंडातून निघेना. "माझा दादा" एवढंच म्हणायचो. बारा वर्षं. म्हातारपणी आशा धरणं हे खुब्याच्या व्यायामासारखं आहे. फरक काही दिसत नाही, तरी रोज करायचं.

यंदा जानेवारीत मी मोरीत पडलो, खुबा मोडला, आणि बातमी गावापर्यंत गेली. मार्चमध्ये एके दुपारी दारात काठी वाजली. एकोणनव्वद वर्षांचा माणूस रिक्षा, लोकल, पुन्हा रिक्षा करत एकटा आला होता.

"शिवा, मेला न्हाईस व्हय अजून?"

"नाही दादा."

"बरं झालं. पोरीला म्हनावं च्या टाक."

माफी कोणीच मागितली नाही. रडलो मात्र दोघंही, आणि अनघाचा चहा उतू गेला. त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. माझ्या तुकड्याच्या भोवती कारखान्यांच्या भिंती आल्या, पण दादाने कोणाला एक फूट आत सरकू दिलं नव्हतं. मी तीस वर्षं तिकडे फिरकलोही नव्हतो. तेव्हापासून तो दर महिन्याला येतो आणि मी रात्री गाढ झोपतो. म्हणून जमीन त्याची.

कलम ४. दफनाच्या वेळी पाळकांनी भाषण आवरतं घ्यावं. गाणी आनंदाची म्हणावीत. दादाच्या घरच्यांना त्यांच्या पद्धतीने वंदना म्हणायची असेल तर कोणी अडवू नये.

पुरवणी, सहीच्या दिवशी. साक्षीदार म्हणून गोडबोले मास्तर आणि राजेंद्र बसले होते. दादा सहज आला होता. तेवढ्यात नीरजाताईंनी सांगितलं की ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्यातलं काही मिळत नाही. हे ऐकून राजेंद्रने पेनाला टोपण लावलं. रंधा सोडवेना!

दादाने विचारलं, "म्हंजी सही केली का जिमीन जाती?"

"हो आबा," नीरजाताई म्हणाल्या.

"मंग आना तो पेन हिकडं."

मी म्हणालो, दादा, जमीन तू राखलीस, ती तुझीच आहे. तो म्हणाला, "जिमीन लय बघितली. तवा म्या कागदावरनं भाऊ खोडला. आता ह्या कागदावर मला भाऊ म्हनून बसू दे." नीरजाताईंनी त्याला दोनदा समजावलं. त्याने दोनदा मान हलवली.

कलम ३ मी खोडत नाही. जमीन कायद्याने अनघाकडे जाईल, जाऊ दे. मला द्यायची होती ती मी दिली, आणि मला हवं होतं ते मला जिवंतपणी मिळालं. प्रभूचे उपकार.

ठिकाण : लोणावळा
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार : शांतवन हनुमंत भालेराव (सही)

साक्षीदार १ : त्र्यंबक दामोदर गोडबोले, निवृत्त शिक्षक, भांगरवाडी. मृत्युपत्र करणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. (सही)

साक्षीदार २, स्वतःच्या हस्ताक्षरात : हौशीराम हनुमंत भालेराव, ऱ्हानार सुदुंबरे, सख्खा भाऊ. शिवानं माज्यासमोर सही केली. त्याचा हात लय कापत व्हता. धरू का म्हनलं, तर वकीलबाई नगं म्हनल्या. सही झाल्यावर धरला. (सही)