धुरातल्या गाई

नांदेड, २ ऑगस्ट २०२५

ती. सुमनअक्कांस,
शि. सा. न.

आज शनिवार, सकाळची शाळा होती. घरी येऊन भाकरी केली, थोडी पडले, संध्याकाळी दळण आणलं. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. शाळेतल्या बायका पंधरा ऑगस्टच्या सुट्टीत चिखलदऱ्याला निघाल्यात, धबधबे बघायला. मलाही चला म्हणत होत्या. ह्यांना जाऊन पाच महिने झाले. वर्ष व्हायच्या आत सहलीला जाणं बरं दिसत नाही, म्हणून नाही सांगितलं. आम्ही दोघं दर पावसाळ्यात जात होतो, तेवढं पुरे.

लोभ आहेच, तो राहू द्यावा.

तुमची भावजय,
शिल्पा

अहमदपूर, ७ ऑगस्ट

चि. शिल्पास,
अ. उ. आ.

बरं दिसत न्हाई म्हणणारं कोण? सासरची थोरली मी हाय, अन् मी जा म्हणते. माझे गुडघे चालले असते तर तुझ्या आधी गाडीत बसले असते.

भागवत दरवर्षी तिथून आला की ओसरीवर बसून मला भीमकुंडाचा धबधबा सांगायचा. पाणी खाली पोचायच्या आत त्याचा धूर होतो अन् त्या धुरात गाई चरतात, म्हणायचा. लहानपणी विहिरीच्या काठाला जायचं म्हटलं की रडायचा माझा भाऊ. अन् एवढ्या दरीत वाकून बघून यायचा, याचं मला लई कौतुक. आता सांगणारं कुणी न्हाई. तू तर त्याच्या शेजारी भिंतीवानी गप. पण यंदाचा धबधबा मला आला पाहिजे. जा, बघ, अन् लिही. स्वेटर ने.

माया हाय म्हणून रागावते.

सुमनअक्का

चिखलदरा, १६ ऑगस्ट

ती. सुमनअक्कांस,
शि. सा. न.

सकाळी पंचबोल आणि देवी पॉइंट झाले. जेवून भीमकुंडाला आलो. पाऊस बारीक आहे.

अक्का, एक सांगते, वाईट वाटून घेऊ नका. ह्यांनी हा धबधबा कधीच बघितला नाही. त्यांना चक्कर यायची. कठड्याच्या बरंच अलीकडे एक दगड आहे. त्यावर दरीकडे पाठ करून, माझी पर्स धरून बसत. मी परत आले की काय दिसलं, ते विचारत. मी सांगायची. तेच तुमच्या ओसरीवर यायचं. फक्त गाई माझ्या नव्हत्या. मी धूर एवढंच म्हटलं होतं. गाई ह्यांनी पदरच्या घातल्या असं समजून मी गप्प बसायची.

आज बघितलं. कड्यावरून निघताना पाणी जाड आणि पांढरं असतं. निम्म्यात त्याच्या चिंध्या होतात. खाली काही पोचलेलं दिसत नाही, नुसता आवाज वर येतो. मग ढग आला आणि तेही दिसेना. गाई नव्हत्या.

मागे फिरले तर विचारणारं कुणी नव्हतं. त्या दगडावर बसले, ते बसत तशीच. समोर रस्त्यापलीकडे माळ आहे. त्यावर धुकं उतरलं होतं आणि धुक्यात पाच-सहा गाई चरत होत्या. एकीच्या गळ्यात घंटा होती.

तेव्हा गाई खऱ्या आहेत, अक्का. त्या त्यांनी बघितलेल्या.

बायका पुन्हा कठड्याकडे गेल्यात. कागद ओला होतोय. माया आहे तशीच असू द्या. सगळ्यांच्या पर्स मांडीवर घेऊन बसले आहे. चहा आलाय, तो पिते.

शिल्पा