काचेच्या डब्यांवरची ड्युटी

सोमवार, ९ फेब्रुवारी
ऑफिसला निघता निघता रेवतीचा फोन. "दादा, बंदरात गर्दी आहे म्हणतात. माझा कंटेनर अडकणार नाही ना रे?" विचारून सांगतो, म्हटलं. बंदरावरच्या ओळखीच्या माणसाला गाठलं, दुपारी कळवलं— माल सुटला! बहीणबाई खूश. घाटकोपरचं दुकान आता कुठे बाळसं धरतंय. बाहेरून आणलेले झाकणाचे काचेचे डबे. इथे मुलुंडला आमच्या सोसायटीत निम्म्या घरांच्या फ्रिजमध्ये तिचेच.

मंगळवार, १०
दिल्लीच्या गृहस्थांचा फोन. अर्थ मंत्रालयातले अधिकारी, आमच्या पेपरचे जुने सूत्र. काचेच्या डब्यांवर सेफगार्ड ड्युटी येतेय. शुक्रवारी अधिसूचना. बातमीसोबतची चौकट तयार ठेवता यावी म्हणून मला आधी सांगितलं. "तोवर कुणाला नाही. घरातही नाही." बरं, म्हटलं. अठ्ठावीस वर्षांत असा शब्द एकदाही मोडलेला नाही.

चौकट लिहिली. आयात एकाएकी वाढून इथले कारखाने बंद पडायला लागले, की त्यांना सावरायला वेळ मिळावा म्हणून सरकार काही काळापुरतं लावतं ते जादा शुल्क. कारखान्यांचं म्हणणं खोटं नाही. पण रेवती डोळ्यांसमोरून हलेना.

बुधवार, ११
नको तेच झालं! संध्याकाळी रेवती पेढे घेऊन हजर. पुढची ऑर्डर एकदम तीन कंटेनरची. त्यासाठी राहतं घर तारण ठेवतेय. उद्या होकार कळवायचा.

"बाजारात कुजबुज आहे, दादा. ड्युटी येणार म्हणे. तू पेपरवाला— येणार का रे?"

मी कपात बघत राहिलो. "माहीत नाही."

"नक्की?"

"अगं, माहीत नाही म्हटलं ना!"

मग माझ्या बायकोला म्हणाली, "गंधाली वहिनी, दादा म्हातारा झाला. चिडायला लागला." दोघी हसल्या. मी पेढा तसाच बशीत ठेवला.

गुरुवार, १२
तीनदा फोन हातात घेतला. तीनदा ठेवला.

शुक्रवार, १३
अधिसूचना दुपारी आली. उद्या पहिल्या पानावर, चौकटीसकट. संपादक म्हणाले, "झकास!" चौकटीतलं एक वाक्य चार वेळा वाचलं, तरी काय लिहिलंय ते डोक्यात शिरेना. रेवतीला फोन करायचं धाडस नाही.

शनिवार, १४
सकाळी तिचाच आला. मी तोंड उघडणार तोच— "अरे, होकार कळवलाच नाही मी!"

"का?"

"तुला खरंच माहीत नसलं की तू 'विचारून सांगतो' म्हणतोस. शाळेत असल्यापासून! बुधवारी म्हणाला नाहीस. आणि वर चिडलास. म्हटलं, वाट लागली, येतेय ड्युटी. शेजारच्या दुकानातल्या धवललाही थांबवलं. त्याने सगळ्या गल्लीला सांगितलं. दुवा देतायत लोक तुला!"

घर वाचलं तिचं. एवढं हलकं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. ते गल्लीचं मात्र नंतर डोक्यात शिरलं.

सोमवार, १६
दिल्लीच्या गृहस्थांचा फोन. आवाज ओळखू येईना. "घाटकोपरच्या बाजारात गुरुवारीच कळलं होतं म्हणे. माझ्यावर चौकशी लागलीय. कुठून फुटलं, काही अंदाज?"

"विचारून सांगतो," म्हणालो.