खिशातल्या साखरेच्या पुडीबाबत

बदलापूर,
दि. ९ ऑक्टोबर १९९६

प्रति,
मा. व्यवस्थापक,
यंत्रभाग कारखाना, अंबरनाथ.

विषय : श्री. गुरुदत्त कर्णिक यांच्या मधुमेहाच्या गोळ्या कमी करण्याबाबत व त्यांना साखरेची पुडी आत नेऊ देण्याबाबत.
संदर्भ : कारखान्याच्या दवाखान्याची लेखी ताकीद.

महोदय,

१. आपले सुपरवायझर श्री. गुरुदत्त कर्णिक हे अर्जदार बाईचे पती. मधुमेह जडल्यापासून ते बिनसाखरेचा चहा पितात आणि गणपतीतला मोदकही शेजारच्या पानात सरकवतात. त्यांची उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर ठीक येते. मागच्या तीन महिन्यांची साखर सांगणारी नवी तपासणी मात्र दर वेळी भलतीच वाढलेली येते. दवाखान्याचे डॉक्टरसाहेब म्हणतात, "आदल्या दिवशी पथ्य करून सगळेच साधू होतात, कर्णिक. ही तपासणी फसत नाही."

२. ती फसते. मुंबईच्या प्रयोगशाळेने पत्राने कळवले आहे की, त्यांच्या रक्तातले हिमोग्लोबिन जन्मापासूनच वेगळ्या जातीचे आहे. त्याचा त्यांना काही त्रास नाही, पण यंत्र त्यालाच साखर चिकटलेले हिमोग्लोबिन समजून मोजते. हे पत्र दवाखान्यात दिले, विनवण्या केल्या. डॉक्टरसाहेबांनी ते न वाचता गोळ्या वाढवल्या आणि भरवसा नाही म्हणून त्या कंपाउंडरसमोर गिळायला लावल्या.

३. या गोळ्यांनी साखर इतकी उतरते की त्यांना दरदरून घाम फुटतो आणि ते चालू लेथशेजारीच कोसळतात. कँटीनचे भीमराव धावत येतात, "सायेब, तोंड उघडा, साखर घ्या," म्हणत चमचा तोंडात घालतात, म्हणून माणूस संध्याकाळी घरी दिसतो. दवाखान्यात नोंद होते, 'कामावर असताना साखर खाल्ली.' त्यावर पुन्हा गोळी वाढते. पुढच्या खेपेस निलंबन, अशी ताकीद आहे. म्हणजे शुद्धीवर आले तर नोकरी जाणार. नाही आले तर काय, ते ताकिदीत लिहिलेले नाही.

४. उद्यापासून भीमराव भातकापणीसाठी चामटोलीला गावी जात आहेत. अर्जदाराने पतीच्या खिशात साखरेची पुडी दिली, ती दवाखान्याच्या हुकमाने फाटकावर काढून घेतली. दुसरी दिली, तीही घेतली. समजावून सांगून अर्जदार आता थकली आहे.

तरी गोळ्यांचा निर्णय आपण सवडीने घ्यावा. पुडीचा मात्र आजच घ्यावा.

संध्याकाळी त्यांची वाट पाहणारी,
सौ. सुनेत्रा गुरुदत्त कर्णिक

सोबत :
१. प्रयोगशाळेचे पत्र.
२. साखरेची पुडी, एक. अर्जाची तपासणी फाटकावर होत नाही, असे कळले. कृपया ती त्यांच्या खिशात ठेवावी.