एका ताग्यात दिवाळी

५ ऑक्टोबर १९८६, रविवार, धुळे
नुसता संताप. घरात खाणारी आठ तोंडं, कमावणारा मी एकटा, आणि दिवाळीला प्रत्येकाला वेगळं कापड पाहिजे! लीलाधरला चेक्स, धाकट्या पोरींना फुलाफुलांचं, हिला काठाचं. मी काय मिलमालक आहे? आजपासून लाड बंद. सेलमधून अख्खा तागा उचलला. पांढऱ्यावर निळे पट्टे, दणकट माल. सगळ्यांचे कपडे एकाच ताग्यात. दुकानदार विचारत होता, वसतिगृहाचं काम घेतलं का? आगाऊ माणूस.

८ ऑक्टोबर
छगन टेलरने दुसरी सुई मोडली. दोष कापडाला देतो. काम येत नाही हे सरळ सांग ना! आईने कापड चाचपलं आणि म्हणाली, हाई ते गादीनं कापड शे रे भाऊ. आईला हल्ली दिसत नाही.

२ नोव्हेंबर, दिवाळी
सगळ्यांना ओळीने उभं केलं. काय शिस्त दिसत होती! कौतुक कोणाला? आई म्हणाली, बठ्ठा घरनी गादी करी टाकी. सगळ्या घराची गादी म्हणे! लीलाधर गल्लीत गेला आणि रडत परत आला. पोरांनी त्याला आडवा पाडून वर बसून घेतलं म्हणे. त्यालाच झापलं. आडवा झालासच का?
शर्ट मानेला जरा बोचतो. धुतल्यावर मऊ पडेल.

१३ नोव्हेंबर
रविवारी चाळीसगावचे पाहुणे थोरल्या कलाला बघायला येणार. मुलगा पोस्टात. कला काही बोलत नाही, पण त्याचा फोटो माझ्या खिशातून दोनदा गायब झाला. हे जमलंच पाहिजे. हुकूम काढला, सगळ्यांनी ताग्यातलेच कपडे घालायचे. काटकसरी घर आहे हे न सांगता कळलं पाहिजे.
हिने तोंडावर सांगितलं, कला नाही घालणार. शेजारच्या वच्छलाबाईंची साडी आणली. पाहुण्यांना बसायला त्यांचीच नवी कोरी गादीही आणणार. उसनवारी! डोकं फिरलं. गादीवर चादर घालायची नाही, धुवायला साबण लागतो, एवढं मात्र ठणकावून सांगितलं.

१६ नोव्हेंबर, रविवार
वच्छलाबाईंच्या गादीला पांढऱ्यावर निळे पट्टे.
मला आधी कोणी सांगितलं का? चादर घालू नका म्हणालो होतो, पण यांची अक्कल कुठे गेली होती? मुलाचे वडील तोतारामभाऊ आधी गादीकडे बघत, मग माझ्याकडे, मग लीलाधरकडे. मी गादीवर भिंतीला टेकून बसलो होतो. मुलाच्या आजीला मोतीबिंदू. आल्या, आणि लोड समजून माझ्या पोटावर कोपर टेकून बसल्या. पोहे संपेपर्यंत. हलणार कसा? वडीलधारी बाई! मुलगा रुमालात तोंड खुपसून खोकत होता.
पाहुणे गेल्यावर कला जेवली नाही. रडतेय. मी काय केलं?

१९ नोव्हेंबर
होकार! मध्यस्थ देवचंदभाऊ निरोप घेऊन आले. मी म्हणत होतो की नाही? काटकसर दिसली त्यांना.
अट एकच. लग्नाचा बस्ता चाळीसगावला बांधायचा, आणि कपडे निवडायला मुलीच्या वडिलांनी येऊ नये. हा काय अपमान! मोडून टाकतो म्हणालो. कला दारात आली. नुसती बघत राहिली. नाही मोडलं.

३० नोव्हेंबर, रविवार
सगळे बस्त्याला गेले. आईसुद्धा. मी घरी.
उरलेल्या ताग्याची कलाच्या आंदणासाठी गादी शिवायला हिने झिपरू गादीवाल्याला सांगून ठेवलेलं. मला विचारलंही नाही. दुपारी तो आला. कापूस पिंजला, कापड मापलं. म्हणाला, एक बाजू उघडी राहते, दुसरं एखादं कापड जोडू का? माझ्या पोरीच्या गादीला ठिगळ? भडकलोच. अंगातला शर्ट काढून त्याच्या पुढ्यात टाकला.
त्याने चाचपून बघितला. म्हणाला, फर्स्ट क्लास आहे साहेब, गादीचंच कापड आहे.
निवड माझी आहे, असं सांगितलं त्याला.
बनियनवर बसलोय. थंडी वाजतेय. मान मात्र बोचत नाही.