वर राहिलेली फीत

ती. ताईस,

मी सुखरूप आहे. हे आधीच लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागणार नाही.

इथल्या उद्यानामागे डोंगरावर जाणारी एक जुनी पायवाट आहे. हल्ली तिकडे कोणी फिरकत नाही. काल मी गेलो. वाट चुकू नये म्हणून तू दिलेल्या लाल फिती झाडांना बांधत चढलो. पण मन खाऊ लागलं, की उद्यानात आपणच कचरा करतोय. म्हणून नवी फीत बांधली की मागे जाऊन आधीची सोडून आणू लागलो. माथ्यावर पोचलो तेव्हा खिसा फितींनी भरलेला आणि उतरायची वाट कुठेच दिसेना. ऊन कललं तसा मी हाका मारत सुटलो.

माझ्या हाका ऐकून उद्यानाचा रखवालदार आला. फिती बांधत, सोडत वर आल्याचं मी त्याला सांगितलं.

“फिती कशाला बांधल्या?”

“परतताना वाट सापडावी म्हणून.”

“मग सोडल्या कशाला?”

मी कारण सांगितलं.

“साहेब, घरी मोठं कोणी आहे का?”

“ताई आहे.”

“त्यांना म्हणावं, यांना एकटं सोडत जाऊ नका.”

मग त्याने माझ्या खिशातल्या फिती एकमेकींना बांधून दोरी केली, एक टोक माझ्या मनगटाला बांधलं आणि मला वासरासारखं खाली आणलं.

आईचा गुडघा कसा आहे? तिला यातलं काही सांगू नकोस.

शेवटची फीत मात्र वरच्या झाडालाच राहिली. ती काही डोळ्यांपुढून जात नाही, म्हणून रविवारी सोडून आणणार आहे. तू काळजी करू नकोस. दोरी रखवालदारच आणणार आहे.

तुझा,
धाकटा