वर्षाचा पहिला मासा

फुलसावंगी,
२० फेब्रुवारी

प्रिय दादा,

फोनवर तू मले पुरं बोलू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. आता मधातच तोडता येणार नाही तुले.

आधी तळ्याची खबर देते. पाणी पार उतरलं, भिंतीजवळचे दगड उघडे पडले. पैनगंगेत तर ढोरं चालत पलीकडे जाऊन राह्यली. उरलेलं पाणी इतकं नितळ की आपली सावली पडली तरी मासा पळते. सकाळी थंडीनं तो तळाशी बसून राहते, आमिषाकडे ढुंकून पाहत नाही. तरी सारे गडी पहाटेच जाऊन कुडकुडतात अन् दहा वाजता शिव्या देत घरी येतात. बाबा या दिवसांत जेवूनच निघायचे. उन्हानं काठचं पाणी कोमट झालं की मासा वर येते, अन् ओढते इतकं हळू की दोरीले बांधलेलं पाण्यावरचं मोरपीस नुसतं शहारते.

बाबा गेल्यावर तू म्हणाला, त्यांची गळाची काठी पोराची, पोरीच्या जातीनं तळ्यावर बसलं तर लोक हसतात. मी पैज लावली. तळ्यावरच्या स्पर्धेत सगळ्यात वजनदार मासा माझा निघाला तर काठी माझी, नाहीतर तुझी. रागाच्या भरात बोलून बसली.

रविवारी मी बारा वाजता गेली. बाईमाणूस एकटी मीच. सरकीची ढेप पिठात कालवून गोळा गळाले लावला अन् बसली. एक वाजता मोरपीस शहारलं. वीस मिनिटं दोरी सोडत-ओढत राह्यली, बोट कापलं. काठाशी आला तो कटला मासा, आठ किलोच्या खाली नाही. स्पर्धेचे पंच उकंडाकाका वजनकाटा घेऊन धावतच आले.

अन् मले आठवलं, यंदाचा हा माझा पहिलाच मासा. बाबा गेल्यापासून एकटीनं तळ्यावर जायची हिंमतच झाली नव्हती. बाबाचा नेम तुले माहीत आहे. वर्षाचा पहिला मासा पाण्याबाहेर काढायचा नाही. पाण्यातच गळ सोडवायचा अन् जाऊ द्यायचा. काका काटा धरून उभेच होते. मी गुडघाभर पाण्यात उतरली, गळ काढला, कटला गेला. लोक म्हणाले, भीमराजची पोरगी ठार येडी. मले रडू आलं, खोटं कायले बोलू. संध्याकाळपर्यंत बसली, दुसरा मासा लागला नाही. अडीच किलोच्या रोहूवर गावातला सोनू जिंकला.

तर दादा, मी पैज हरली, हे माझ्याच हातानं लिहून देते. शनिवारी तू काठी न्यायले येऊन राह्यला, असं वहिनीनं सांगितलं. ये, जेवून जा, भाकर-ठेचा करून ठेवते. पण काठी देणार नाही. शब्द मोडणारी म्हण, गावभर सांगत फिर. माझ्या जागी तू असता तर त्या कटल्याले काट्यावर टांगलं असतं, हे तुलेही ठाऊक आहे अन् मलेही. पैज जिंकायले मी बाबाचा नेम मोडू शकली नाही, अन् तो मोडणाऱ्याच्या हाती त्यांची काठी देणार नाही. शनिवारी घरी कुलूप दिसलं तर समज, काठी अन् भाकर घेऊन मी तळ्यावर आहे.

तुझीच, हरलेली अन् तरी न देणारी,
दीपमाला