लाखोळीचं पहिलं पाणी

आरमोरी
ता. १५ जून १९५५

चि. सौ. कुंतास, मोठ्या बहिणीचे आशीर्वाद.

तुझं पत्र भेटलं. जावईबापू चांद्याच्या कोळशाच्या खाणीत लागले, बरं झालं. त्याइले तिथी खोली भेटेपर्यंत तू बुढ्या सासूसंगं कुरखेड्यात अडकली, अन् दोघींचा मोटारभाडा जमत नाई म्हून रडते. जमन कसा? घरी कनगीभर लाखोळीची डाळ असून बाजारात काऊन जाते? सकाळी लाखोळीचं वरण, सांजेले तिच्याच पिठाची भाकर. वाळली आंबाडी हाये, मोहफुलं हायेत, बांधावर तरोट्याची भाजी फुकट उगवते. पैसा हंडीत टाक अन् गप राय. जावईबापूनं बोलावलं का मोटारीत बसजो.

लोभ हाये तो पातळ होऊ देजो नोको.
तुझी सुगंधाबाई

कुरखेडा
ता. ४ जुलै १९५५

ती. सुगंधाबाईस, कुंताचा शि. सा. न.

बाई, तू सांगतलं तसंच करून राह्यलो. बाजार बंद केला. सासूबाईले दात नाई, त्या तांदळाची पेज पेतात, लाखोळी मी एकटीच खातो. नाल्याले पूर हाये, घराबाहेर कुठी जाणं नाई, चूल अन् मी.

एक विचारतो. सासूबाई म्हणतात का लाखोळी उकळून पहिलं पाणी फेकजो, मंग दुसऱ्या पाण्यात शिजवजो. त्यात दुप्पट लाकडं जळतात, अन् डाळीची चवही पाण्यासंगं जाते. कसं करू?

हसशील तं हास, पण उत्तर दे. माया राहू दे.
तुझी कुंता

आरमोरी
ता. १२ जुलै १९५५

चि. सौ. कुंतास आशीर्वाद.

हसलोच! अवं, त्या पाण्यातच तं सारं सत्त्व! ते मोरीत वतून तू बचत करून राह्यली का मोरीले जेवू घालून राह्यली? बुढ्या मानसायचे हे नखरे मले ठाऊक हायेत. माह्या सासरीही होते, मीच मोडले. आमी आठ दिवसातून एकदा लाखोळी शिजवतो, पाणी कधी फेकलं नाई, कोणाले काई झालं नाई. सासूबाईले पेज दे, पाया पड, अन् चुलीजवळ त्याइचं आयकू नोको.

बाकी खुशाल. लोभ तुह्याच हाती.
सुगंधाबाई

कुरखेडा
ता. २ ऑक्टोबर १९५५

ती. बाईस शि. सा. न.

हंडी भरत आली. दोघींचा मोटारभाडा निंगून वर भांडेही होतीन. तुह्या अकलेचं तिकडे चांद्याले लिवून कळवलं, तेही खूश हायेत.

पण बाई, सकाळी उठतो तं पाय लाकडावानी होतात. पोटऱ्या वढतात, टाचा भुईले टेकत नाई. काल विहिरीवर घागरीसकट पडलो. दारापासून विहीर, एवढाच माहा मुलुख, अन् तोही आता दूर वाटते. सासूबाई माहे पाय पाहून रडतात, काऊन ते सांगत नाई.

काई औषध असंन तं लिवजो. माया असू दे.
कुंता

आरमोरी
ता. ९ ऑक्टोबर १९५५

चि. सौ. कुंतास आशीर्वाद.

बसून बसून पाय आखडले, दुसरं काई नाई. मोहाचं तेल गरम करून लाव अन् चाल. नववा महिना लागला तरी मी चिखलात धानाचा रोवणा केला, अन् तू एका घागरीनं पडते! भांडे घेऊन चांद्याले जाची वेळ आली अन् आता फुसकं दुखणं काढजो नोको.

लोभ हाये म्हून रागावतो.
सुगंधाबाई

कुरखेडा
ता. ६ नोव्हेंबर १९५५

ती. बाईस बसूनच नमस्कार.

खोली भेटली. ते सोता न्याले आले. काठी धरून, त्याइचा खांदा धरून मोटारीपर्यंत गेलो. मोटारीची पायरी काई उंच नाई, बाई. पण पाय उचललाच नाई. एका पायात दुसरा अडकते. ड्रायव्हर भोंगा वाजवत होता, सारा बाजार पाहात होता. मोटार गेली, आमी वापस आलो.

दवाखान्यातल्या डाक्टरनं काय खाल्लं ते विचारलं. लाखोळीनं झालं म्हणे. आता बंद केली तं वाढणार नाई, पण झालं ते झालं. सासूबाई तवा बोलल्या, त्याइचा भाऊ असाच जलमभर फरकटत चालला, सुनेपुढं ते नाव काढाले भेव वाटे. पाणी फेकाले कोणं मना केलं, असं तुह्या जावईबापूनं मले विचारलं. मीच कंटाळा केला म्हून सांगतलं. ते एकटेच कामावर गेले.

हंडी भरली हाये. कोनाड्यात तशीच ठेवली.
कुंता

आरमोरी
ता. ११ नोव्हेंबर १९५५

चि. कुंता,

माहं नाव घ्याचं होतं. जावईबापूले मी सोताच पत्र टाकलं, कोणाचं काम ते लिवलं.

आइतवारी बैलगाडी घेऊन येतो. बसाले धानाची मऊ तणीस पसरीन, दोघींले उचलून बसवीन, पायरीचं काम नाई. चांदा चार दिवसाचा रस्ता हाये, तं हाये.

हे खालचं सासूबाईले वाचून दाखव. माय, तुमचं पहिलं पाणी मी फेकू देलं नाई. येऊन पाय धरतो.

लोभ ठेव असं आता मी कोण्या तोंडानं लिवू? ते तू ठरव.

सुगंधा